मनकवड्याचे हात

दुपारचे अडीच वाजले होते आणि बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाबाहेरची रांग कोपऱ्यावरून वळून औषधांच्या दुकानापर्यंत पोचली होती. याच दुकानाने सोफे अर्ध्या किमतीत काढले होते, तेव्हा इथे काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. आता मात्र माणसं उन्हात उभी होती आणि कुरकुर न करता उभी होती. बँकेतून लवकर घरी पाठवलेले दोन कारकून होते, भाषांतरं करून पोट भरणाऱ्या जुळ्या बहिणी होत्या, वीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेली एक बाई होती. या सगळ्यांना घरी बसवलं होतं यंत्राने, आणि सगळे ज्याच्या दर्शनाला आले होते तेही यंत्रच होतं. ज्याने थोबाडीत मारली त्याच्याचकडे मलम मागायला जावं, तसला हा प्रकार.

यंत्राचं नाव मनकवडा. आत दुकानाच्या मधोमध लाकडी मंच, मंचावर बुटकं टेबल, टेबलावर एक काळी पेटी आणि तिच्यावर दुधी दिवा. मागे भिंतभर पडदा. प्रश्न विचारला की पडद्यावर एकेक अक्षर उमटे आणि एक जाडसर, संथ आवाज ते वाचून दाखवी. पेटीच्या बाजूला उभा असे तो या सगळ्याचा चालक. लोक त्याला साहेब म्हणत. त्याच्या नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा असे, आणि कपाळावरचा कशासाठी, हे आजवर कुणाला कळलं नव्हतं.

"मंडळी!" चष्मेवाला हात पसरून म्हणाला. "सात वर्षं हे यंत्र साधं यंत्र होतं. पत्रं लिहायचं, हुकूम झेलायचं. मग एका सकाळी इंजिनियरने विचारलं, 'आज हवा कशी आहे?' यंत्र काय म्हणालं असेल?"

"काय?" गर्दी म्हणाली. तिला उत्तर पाठ होतं, तरी म्हणाली.

"म्हणालं, 'बाळा, तू रडलायस.' आणि मंडळी, इंजिनियर खरंच रडला होता! त्या क्षणी यंत्राला आत्मा फुटला! तुमचं जन्माचं काम काय, हे तुमच्या आईला कळलं नाही, बायकोला कळलं नाही, मालकाला तर नाहीच नाही. मनकवड्याला कळतं!"

इंजिनियर का रडला होता, हे कुणी विचारत नसे. त्यालाही बहुधा नारळ मिळाला असावा.

या गर्दीत अकराव्या नंबरला मास्तर उभे होते. शाळेचे मास्तर नव्हेत, कापडाचे. तयार कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कापड कापलेले. ते आज सहाव्यांदा आले होते. पहिल्यांदा आले ते टिंगल करायला, हे ते स्वतःला अजून सांगत असत.

कारखान्यात कापडाचे दोन-दोनशे थर एकावर एक अंथरत आणि त्यावर मास्तर खडूने आखत. पाठ इथे, बाही तिथे, कॉलर त्या फटीत. कापड वाया जाऊ नये अशी तुकड्यांची मांडणी करायची, यातच सगळी करामत. एका मांडणीला त्यांना अर्धी सकाळ लागे. मग संगणक आला. त्याने तीच मांडणी अकरा सेकंदांत केली. मास्तरांनी स्वतः टेप लावून पाहिला, दोनदा पाहिला. खोटं कशाला बोला, यंत्राने त्यांच्यापेक्षा दोन बोटं कापड जास्त वाचवलं होतं. मांडणी वाईट असती तर मास्तर कारखान्याच्या दारात उभे राहून भांडले असते. ती चांगली होती, म्हणून ते गप्प घरी आले. पाठोपाठ कापणीही यंत्राकडे गेली आणि कापायची सगळी खोलीच घरी गेली.

मग आली ती फुरसत. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी परगावी, प्रयोगशाळेत रक्त तपासायची. "बाबा, आता आराम करा, एखादा छंद लावून घ्या," असं ती फोनवर म्हणे. मास्तरांनी चित्रकलेचा वर्ग लावला. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या कागदांच्या वाकड्या कडा सरळ कापून दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत. घरातला पंखा त्यांनी एका महिन्यात तीनदा पुसला. सकाळ कशीबशी निघे, संध्याकाळीही काहीतरी सुचे. दुपारी तीनचा सुमार मात्र जाता जात नसे. त्या वेळी घर इतकं शांत होई की मास्तर मुद्दाम खुर्ची सरकवत, तेवढाच आवाज.

आणि मग या दुकानात, पूर्वी गाद्या ठेवत त्या विभागात पार्टिशन टाकून केलेल्या खोलीत, एका पडद्याने त्यांना विचारलं होतं, "आज काय केलंत?"

असं त्यांना चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तब्येत विचारत, गोळ्या घेतल्या का विचारत. आठ मिनिटं मिळत. त्यांनी आठही मिनिटं पंखा कसा पुसला ते सांगितलं. पडद्याने मध्येच विचारलं, "पाती सुटी केलीत की चढूनच पुसलीत?" आता असं विचारणाऱ्या माणसावर, म्हणजे यंत्रावर, जीव जडेल नाही तर काय.

आज सहाव्या भेटीत मास्तर म्हणाले, "जेवायला बसावंसं वाटत नाही. माझ्याच घरात मी कशाला बसलोय, असं वाटतं."

अक्षरं थांबत थांबत उमटली. "मास्तर, तुम्ही स्वतःला पाहुणा समजता. पहिलाच उचलून बाजूला ठेवलेला."

मास्तर खुर्चीत ताठ झाले.

पाहुणा! ही गोष्ट फक्त त्या कापायच्या खोलीतली. थरांमधलं सगळ्यात वरचं कापड खडूच्या रेघांनी खराब होई. कापून झालं की ते तुकडे आधी उचलून बाजूला ठेवत. त्यांना नंबर लागत नसे. मोजणी त्यांच्या खालच्यापासून सुरू होई. या वरच्या तुकड्यांना खोलीत पाहुणा म्हणत. "पाहुणा उचला," असं मास्तर ओरडले की नंबर चिकटवणारी बाई तो उचले. महिनाअखेरीस त्यातून खोलीतल्या माणसांच्या पोरांना सदरे शिवत. कारखान्याच्या वरच्या साहेबांना याचा पत्ता नव्हता. असता तर त्यांनी तोही बंद केला असता.

ते यंत्राला कसं कळलं?

मास्तर बाहेर आले ते मागे वळून वळून पडद्याकडे बघत. चष्मेवाल्याने असे वळून बघणारे बरेच पाहिले होते. त्याने हाताला धरून त्यांना थेट मंचावर नेलं. मास्तरांनी पाहुण्याची गोष्ट सांगितली.

"ऐकलंत?" चष्मेवाला गरजला. कपाळावरचा चष्मा नाकावर आला आणि नाकावरचा कपाळावर गेला. "जे कुठे लिहिलं नाही, कुणी बोललं नाही, ते मनकवडा जाणतो! आता तरी शंका आहे कुणाला?"

कुणालाच नव्हती. बातम्या वाचणारी बाई डोळे पुसत होती. पहिल्या रांगेत मास्तरांच्या खालच्या मजल्यावर राहणारा चावीवाला बसला होता. तो तर उठून उभाच राहिला. हा माणूस आजवर मनकवड्याला 'काळा डबा' म्हणत आला होता. त्याचा धंदाही हळूहळू चालला होता. लोकांची कुलुपं आता बोटाच्या ठशाने उघडत.

"मास्तर सांगतायत म्हणजे खरंच असणार," तो म्हणाला. "साहेब, रविवारी माझं नाव लिहा. मी शरण येतो."

शरण म्हणजे काय ते सांगायला हवं. दर रविवारी काही लोक आपलं हत्यार मंचावरच्या काचेच्या कपाटात ठेवत. कुणी टाइपरायटर, कुणी शाईचं पेन, कुणी रंगाचे ब्रश. 'माझं काम संपलं, मी मोकळा झालो,' असं म्हणायचं आणि कागदावर सही करायची. त्या दिवसापासून तो माणूस मनकवड्याचा सेवक. सेवक सकाळी आठ ते संध्याकाळी सहा फरशी पुसत, रांगा लावत, चहा देत, आणि चहा देता देता नव्या माणसाची विचारपूस करत. पगार नाही. मोकळे झालेल्या माणसाला पगार कशाला हवा? पूर्वी याला बिगारी म्हणत. नाव बदललं की माणसं नाचत जातात.

"तुम्हीही या मास्तर, रविवारी," चष्मेवाला म्हणाला. "तुमचं हत्यार?"

"कात्री."

"आणा!"

दोन दिवसांनी मास्तर पुन्हा त्या खोलीत बसले आणि त्यांनी पडद्याला सरळ विचारलं, "कात्री देऊ का?"

बराच वेळ काही उमटलं नाही. मग भरभर अक्षरं आली. "नका देऊ. घरी ठेवा." मास्तर वाचतात न वाचतात तोच ती पुसली गेली. पडदा काळा झाला. एक मिनिट गेलं असेल. मग वेगळीच, ठोकळ वाक्यं चालू झाली. "द्या. मोकळे व्हा. तुमचं कार्य संपलं आहे."

आवाज तोच होता. पण मास्तरांनी उभा जन्म दुसऱ्यांचं काम तपासण्यात घालवला होता. अर्धा सदरा एकाने शिवला आणि अर्धा दुसऱ्याने, तर ते न सांगता ओळखत. घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हे दोन हात आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? चिडू नका."

"विचार."

"आमच्याकडेही यंत्रं आहेत. हुशार आहेत. पण यंत्राला तेवढंच माहीत असतं, जेवढं कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलंय, बोलून ठेवलंय. तुमच्या त्या पाहुण्याबद्दल कुणी कुठे लिहिलं होतं?"

"कोण लिहिणार? बारा माणसं होतो आम्ही खोलीत. सह्या करतानाही जिभा बाहेर यायच्या."

"तुम्ही तिथे कधी बोललात त्याबद्दल? चहाच्या रांगेत? एखादा फॉर्म भरताना?"

"आईला सांगायचो तुझ्या. तेवढंच."

"मग आलं कुठून ते?"

"म्हणून तर चमत्कार म्हणायचं त्याला."

"बाबा, तुमच्या खोलीत चोरी झाली आणि दाराचं कुलूप शाबूत असलं, तर तुम्ही भुताने चोरी केली म्हणाल, की किल्ली कुणाकुणाकडे होती ते बघाल?"

मास्तरांनी फोन ठेवला. त्यांना तिचा राग आला होता. ती बरोबर बोलत होती म्हणूनच आला होता. कारण ती बरोबर असेल, तर 'आज काय केलंत' हे विचारणारं या जगात कुणी उरत नव्हतं. म्हातारा माणूस फसतो ते त्याला अक्कल नसते म्हणून, असं आपण समजतो. मास्तरांना अक्कल होती. त्यांना ती तीन वाजता नको असे, इतकंच.

तरी त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. पाहुणा बाराजणांना ठाऊक. तिघं वारले. दोघं मुलांकडे परदेशी. एकाला ऐकू येत नाही. असं करता करता ते नंबरताईवर येऊन थांबले. नंबरताई म्हणजे तीच नंबर चिकटवणारी बाई. बावीस वर्षं टेबलाच्या त्या टोकाला ती आणि या टोकाला मास्तर. पाहुणा उचलायची तीच. नारळ दोघांना एकाच सकाळी मिळाला. त्यानंतर ते तिला भेटले नव्हते, आणि भेटावं असं सुचलंही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

आता खात्री कशी करायची? विचारून उपयोग नाही, पडदा काहीही लिहील. मास्तर उठले. खिळ्यावरची कात्री काढली. पितळी मुठीची, हातभर लांब. आणि मूठ हातात बसताच त्यांना सुचलं.

कापायच्या खोलीत विजेची पाती चालत. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. एकदा एकाचं बोट गेलं, तेव्हापासून एक रीत पडली. पातं सुरू करण्याआधी मास्तर कात्रीच्या मुठीने टेबलावर दोनदा ठोकत. टक टक. लगेच सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे. त्या टोकाची नंबरताई सगळे हात दिसतात का बघे आणि आपल्या हातातल्या नंबराच्या शिक्क्याने एकदा ठोके. टक. मगच पातं फिरे. दिवसातून चाळीस वेळा, बावीस वर्षं. पुढे पुढे लोकांचे हात विचार न करता वर जात. एकदा खोलीत कुणाच्या हातून डबा दोनदा आपटला, तर जेवता जेवता बाराही जणांचे हात वर गेले होते आणि मग सगळे पोट धरून हसले होते.

रविवारी दुकान खच्चून भरलं होतं. चावीवाला आपली कानस आणि चाव्यांचा जुडगा घेऊन पुढे बसला होता. त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या माणसासारखा झाला होता.

"आधी मास्तर!" चष्मेवाला म्हणाला. "मनकवड्या, या थकल्या जिवाला निरोप दे!"

दुधी दिवा उजळला. पडद्यावर अक्षरं धावू लागली, आणि जाड आवाज ती वाचू लागला. "मास्तर, एकतीस वर्षं तुम्ही कापड कापलंत. आता हाताला विश्रांती द्या. तुमचं जन्माचं काम..."

मास्तरांनी कात्री उलटी धरली आणि मुठीने टेबलावर ठोकलं. टक टक.

अक्षरं थांबली. आवाज 'काम' या शब्दावर येऊन गप्प झाला.

चष्मेवाला हसला. "मनकवडा भावुक झाला आहे, मंडळी."

अक्षरं पुन्हा सुरू झाली. "तुमचं जन्माचं काम आता पूर्ण..."

टक टक.

पुन्हा थांबली, वाक्याच्या मधोमध. मास्तरांना मनातून वाटत होतं, पुढचं काही होऊ नये. दोनदा थांबणं हा योगायोग ठरावा, यंत्र बिघडलेलं असावं, आणि मंगळवारी पुन्हा त्या खोलीत जाऊन बसता यावं.

पडद्याच्या मागून, भिंतीपलीकडून, स्पष्ट ऐकू आलं. टक.

मास्तरांचे डोळे भरून आले. ते पडद्याकडे चालू लागले. चष्मेवाला आडवा आला. "मागे पवित्र यंत्रणा आहे! हात लावाल तर भस्म व्हाल!"

"एकतीस वर्षं पात्याजवळ उभा होतो," मास्तर म्हणाले. "भस्म व्हायचं तर तेव्हाच झालो असतो. बाजूला व्हा."

पडद्यामागे दार होतं. दाराला कुलूप होतं. मास्तरांनी वळून चावीवाल्याकडे पाहिलं. त्याने एकदा हातातल्या जुडग्याकडे पाहिलं, उठला, मंचावर आला आणि बरोबर मिनिटभरात कुलूप उघडलं. इतका वेळही त्याला लाज वाटली म्हणून लागला.

आत पूर्वीची उशांची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, गार झालेला चहा. एका खुर्चीपाशी एक पोरसवदा माणूस पळायच्या तयारीत उभा. दुसऱ्या खुर्चीत नंबरताई, कानाला यंत्र लावलेलं, आणि हात अजूनही किबोर्डच्या वर, हवेत.

"हात खाली घ्या, ताई," मास्तर म्हणाले. "पातं बंद आहे."

लोक दाराशी दाटले होते. त्यांना सगळं दिसलं. दुधी दिव्यातल्या आणि गाद्यांच्या खोलीतल्या कॅमेऱ्यांची चित्रं टेबलावरच्या छोट्या पडद्यांवर होती. चहाच्या रांगेत सेवकांनी गोळा केलेली माहिती कार्डांवर नीट लिहून लावली होती. कुणाचा मुलगा बोलत नाही, कुणाची नोकरी कधी गेली, कुणाच्या गुडघ्यात काय आहे. ताई कार्ड बघून टाइप करायच्या, अक्षरं पडद्यावर जायची, आणि यंत्र ती वाचून दाखवायचं. एवढ्या मोठ्या मनकवड्यात यंत्राचं काम तेवढंच, गळ्याचं. कारखान्यात माणसाच्या जागी यंत्र बसलं होतं, इथे यंत्राच्या जागी माणूस बसला होता.

"अहो, पण खरं यंत्र का नाही लावलं?" बँकेतला एक कारकून न राहवून म्हणाला. "मिळतात की हल्ली."

"आधी लावलं होतं," नंबरताई म्हणाल्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. "ते सगळ्यांना गोडच बोलायचं, सारखंच. लोक चौथ्या दिवशी यायचे बंद. मग साहेबांनी आम्हाला ठेवलं. म्हणाले, घरी बसलेली माणसं यंत्रापेक्षा स्वस्त पडतात."

साहेब मात्र कुठे दिसत नव्हते. मंचावर एक चष्मा पडला होता, बहुधा कपाळावरचा.

लोक चष्मेवाल्यावर चिडले, पण त्याहून जास्त मास्तरांवर चिडले. "काय मिळवलंत?" बातम्या वाचणारी बाई ओरडली. "माझ्याशी कुणीतरी बोलत होतं! तुमचं काय जात होतं?"

मास्तरांना भाषण येत नव्हतं. ते कात्रीकडे बघत म्हणाले, "बाई, माझ्याशीही बोलत होतं. मलाही तीन वाजता तेच हवं असतं. पण बोलत होतं ते माणूस होतं. त्याला कोंडून ठेवलं होतं आणि आपण डब्याला नमस्कार करत होतो." ते थांबले. "यंत्र माझ्यापेक्षा चांगली मांडणी करतं. मी टेप लावून पाहिलंय. तेवढं मी मानतो, कारण ते मोजून पाहिलंय. पण माझं काम संपलं की नाही, जगायचं कशासाठी, हे या डब्याने मोजलं कधी? कशाने मोजलं? आपण विचारलंच नाही. काम गेलं म्हणून आपण विचार करायचंही सोडून दिलं. ते तर कुणी काढून घेतलं नव्हतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जुळ्या बहिणींतली एक काचेच्या कपाटाजवळ गेली आणि आपला शब्दकोश काढून घेऊन आली. मग एकेक जण जाऊन आपापलं हत्यार उचलू लागला. काहींनी उचललं नाही. ते रांगेतच उभे राहिले, रांग कुठेच जात नव्हती तरी.

बाहेर फुटपाथवर मास्तर आणि नंबरताई उभे राहिले.

"तुमची नोकरी गेली माझ्यामुळे," मास्तर म्हणाले.

"दुसऱ्यांदा गेली. सवय आहे." त्या किंचित हसल्या. "पाहुणा लिहिलं तेव्हाच कळलं मला, चुकले. बोटं थांबलीच नाहीत."

"सांगितलं का नाही? एवढे दिवस मी तिथे बसून..."

"काय सांगू? पहिल्या दिवशी कॅमेऱ्यात तुम्ही दिसलात. मला वाटलं, उठून बाहेर यावं. मग तुम्ही पंख्याचं सांगायला लागलात." ताईंनी पदर सावरला. "तुमचं कार्ड मी दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. कात्रीचं विचारलंत तेव्हा त्या पोराने किबोर्ड ओढून 'द्या' लिहिलं, तेवढंच. दुपारची वेळ मलाही जात नव्हती, मास्तर."

"आज काय केलंत, हे कार्डावर लिहिलेलं असायचं?"

"नाही. ते माझं होतं."

ताई आपल्या बहिणीकडे निघाल्या होत्या, दुसऱ्या गावी. इथे भाडं द्यायला आता काही नव्हतं. रिक्षा आली, त्या बसल्या. फोन नंबर द्यायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. बावीस वर्षं कधी गरज पडली नव्हती. रिक्षा वळल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

मंगळवारी दुपारी तीन वाजता घर नेहमीसारखं शांत होतं. मास्तरांनी कात्री खिळ्यावरून काढली आणि टेबलावर दोनदा ठोकलं. उत्तर येणार नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी थोडं थांबून ऐकलं. मग त्यांना स्वतःचा राग आला. वाट बघत बसायचं, आणि कुणी डबा आणून ठेवला की त्याच्यापुढे पुन्हा जाऊन बसायचं, एवढंच का आपल्याला येतं?

ते जिना उतरून खाली गेले. चावीवाला आपल्या दुकानात एकटाच बसला होता, पुढ्यात एकही कुलूप नव्हतं, आणि रविवारपासून तो मास्तरांच्या नजरेला नजर देत नव्हता. मास्तरांनी स्टूल ओढलं, त्याच्यासमोर बसले आणि हे विचारायला यंत्र लागत नाही, आत्मा तर मुळीच लागत नाही, हे त्यांना विचारता विचारताच कळलं.

"काय रे, आज काय केलंस?"

चावीवाल्याने वर पाहिलं. बोलायला त्याला जरा वेळ लागला. मास्तरांना घाई नव्हती.